मायकेल गालिंदो: एका क्युबन स्ट्रायकरची कारकीर्द मोजायची कशी?

मैदानवेडा (धागाकर्ता)

क्युबा म्हटलं की मुष्टियुद्ध आठवतं, बेसबॉल आठवतो, हाविएर सोतोमायोरची २.४५ मीटरची उंच उडी आठवते. फुटबॉल कुणाला आठवत नाही. तिथल्या फुटबॉलवर मराठीत मला कधीच काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. मायकेल गालिंदो या निवृत्त स्ट्रायकरबद्दल मी गेली कित्येक वर्षं जिथे मिळेल तिथे वाचत आलोय.

त्याचा जन्म २८ जानेवारी १९८१ चा, विया क्लारा प्रांतातला. हा क्युबाच्या मधोमध असलेला, उसाचा प्रांत. बाकी देश बेसबॉलवर पोसलेला असताना याच प्रांतातलं सुलुएता नावाचं छोटं गाव फुटबॉलवेडं आहे. एफसी विया क्लारा हा संघ तिथेच खेळतो आणि क्युबाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वाधिक विजेतेपदं याच संघाच्या नावावर आहेत. गालिंदो तिथे तयार झाला. अंगाने फार थोराड नाही, पण पहिल्या चार पावलांत बचावपटूला मागे टाकणारा. चेंडू पायाला चिकटवून नाचवणाऱ्यांतला नव्हे. बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत चेंडू पडला रे पडला की हा सुटायचा.

२००५ च्या जुलैमध्ये गोल्ड कपसाठी, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेसाठी, क्युबाचा संघ अमेरिकेत आला. ७ जुलैला सिअ‍ॅटलच्या क्वेस्ट फील्डवर यजमान अमेरिकेशी सामना. लेस्तेर मोरेने क्युबाला चक्क आघाडी मिळवून दिली होती. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली आणि अगदी शेवटच्या काही मिनिटांत अमेरिकेने तीन गोल करून ४-१ असा निकाल लावला. नुसता निकाल वाचला तर एकतर्फी वाटतो, पण तसं अजिबात नव्हतं. ९ जुलैला त्याच मैदानावर क्युबा कोस्टा रिकाकडून १-३ असा हरला. क्युबाचा तो एक गोल गालिंदोचा. देशासाठी केलेला त्याचा तो शेवटचा गोल, कारण पुढच्या सामन्यासाठी संघ बोस्टनजवळच्या फॉक्सबरोला गेला आणि गालिंदो सिअ‍ॅटललाच राहिला.

तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

पुढे काय झालं ते लिहितोच, पण आधी प्रश्न मांडतो. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये, त्याचा खऱ्या अर्थाने भरलेला मोसम एकच, २००७ चा. क्युबाकडून खेळायची दारं २००५ लाच बंद झाली. मग अशा माणसाची कारकीर्द मोजायची कशी? माझ्या मते तो क्युबाच्या उत्तम स्ट्रायकर्सपैकी आहे. तुम्हाला काय वाटतं?

पावसाळी_सिअ‍ॅटल

मैदानवेडा, हा धागा पाहून अंगावर काटा आला. मी २००४ ते २००९ सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला होतो आणि ७ जुलैचा सामना मी मैदानात बसून पाहिलाय. ऑफिसातले आम्ही चौघे गेलो होतो. मोरेचा गोल झाला तेव्हा आमच्या मागच्या रांगेत एक वयस्कर जोडपं होतं, ते दोघं उभे राहिले आणि नुसते उभेच राहिले. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही. बाईंच्या हातात कागदाचा छोटा क्युबन झेंडा होता. तेव्हा आम्हाला काही कळलं नव्हतं. नंतर मात्र खूपदा आठवलं.

कोस्टा रिकाच्या सामन्याला मी गेलो नाही, याची रुखरुख अजून आहे.

पण गालिंदोला मी नंतर भरपूर पाहिलं. सिअ‍ॅटल साऊंडर्स तेव्हा एमएलएसमध्ये नव्हते, त्याच्या एक पायरी खाली, युएसएलच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळायचे आणि तेही क्वेस्ट फील्डवरच. ६७ हजारांचं स्टेडियम आणि त्यात दोन-चार हजार माणसं. इतकं रिकामं की खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका वर ऐकू यायच्या. विचार करा, ज्या मैदानावर त्याने क्युबाचा शर्ट शेवटचा घातला, तिथेच तो काही आठवड्यांनी दुसरा शर्ट घालून उतरला. भाषा येत नाही, घरचं कुणी नाही. त्याच वर्षी साऊंडर्सनी रिचमंड किकर्सना पेनल्टींवर हरवून लीग जिंकली.

त्याची धाव पाहायला मी जायचो. बचावपटू वळेपर्यंत हा पुढे निघून गेलेला असायचा.

आकडेमोड

लेख चांगला आहे, पण "उत्तम स्ट्रायकर्सपैकी" याला माझी हरकत आहे. लेस्तेर मोरे बाजूला उभा असताना गालिंदोचं नाव आधी कसं घेणार?

मोरेचे क्युबासाठी २९ आंतरराष्ट्रीय गोल आहेत, देशाच्या इतिहासात सर्वाधिक. सिएगो दे आविलाचा हा माणूस. २००४ ची विश्वचषक पात्रता फेरी आठवा. १२ जूनला हवानात क्युबा वि. कोस्टा रिका २-२, क्युबाचे दोन्ही गोल मोरेचे. आठवड्याने कोस्टा रिकात १-१. दोन्ही सामन्यांत क्युबा हरलाच नाही आणि तरी बाहेर पडला, कारण एकूण बरोबरी झाली की परक्या मैदानावरचे गोल पाहिले जायचे आणि तिथे कोस्टा रिकाचा एक गोल जास्त होता. तोच कोस्टा रिका पुढे २००६ च्या विश्वचषकात सलामीचा सामना जर्मनीशी खेळला. म्हणजे क्युबा तेव्हा किती जवळ होता बघा.

राष्ट्रीय संघाचा स्ट्रायकर राष्ट्रीय संघातल्या गोलांवरच मोजायचा. क्लबचा एक चांगला मोसम अनेकांच्या वाट्याला येतो.

मैदानवेडा

आकडेमोड, मोरेबद्दल शब्दन् शब्द मान्य. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. मोरेही २००७ च्या गोल्ड कपला अमेरिकेतच राहिला. त्याच स्पर्धेत ह्यूस्टनमध्ये मधल्या फळीतला ओस्वाल्दो अलोन्सो संघ खरेदीला गेलेला असताना दुकानातून निघून गेला. दोघेही २००८ ला चार्ल्सटन बॅटरी या एमएलएसखालच्या स्तरातल्या क्लबकडून खेळले आणि त्या संघाने यूएस ओपन कपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या स्तरांच्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, तिथे डीसी युनायटेडकडून २-१ असा हरला. पण मोरे तेव्हा तिशीत पोचला होता. २९ गोल करणारा माणूस एमएलएसच्या दारापर्यंत आला तो उशिरा.

गालिंदो २४ व्या वर्षी राहिला. मोरेने देशासाठी गोल केले, गालिंदोने स्वतःचा कस लावून पाहिला. मला दोन्ही मोठे वाटतात, पण ते एकाच तराजूत घालता येत नाहीत.

आता २००७. चिवास यूएसए हा लॉस एंजेलिसजवळच्या कार्सनमधला संघ. २००५ च्या पहिल्याच मोसमात ३२ सामन्यांत त्यांचे फक्त ४ विजय होते. २००७ ला प्रेकी प्रशिक्षक झाले. गोलमध्ये ब्रॅड गुझान, मध्यात साशा क्लेश्तान आणि जेसी मार्श, पुढे अनुभवी आंते राझोव आणि त्याच्या जोडीला सिअ‍ॅटलहून आलेला गालिंदो. राझोव उभा राहून खेळणारा, बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू राखणारा. गालिंदो त्याच्या बगलेतून निघणारा. राझोवचे ११ गोल, गालिंदोचे १२. चिवास ३० पैकी १५ सामने जिंकून, ५३ गुणांसह पश्चिम विभागात पहिले आले. दोन वर्षांपूर्वी तळाला असलेला संघ!

त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक २० गोल लुसियानो एमिलियोचे होते, त्यामुळे १२ हा आकडा वरवर पाहिला तर डोळे दिपवणारा नाही. पण त्या १२ गोलांच्या आधी काय होतं ते मोजा. क्युबात व्यावसायिक खेळ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाला. खेळाडू सरकारी क्रीडा संस्थेच्या यादीतला नोकर. तिथून निघालेला माणूस दोन वर्षांत एमएलएसच्या विभागविजेत्या संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होतो. मला हे थक्क करतं.

पेठेतला_गडी

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठेची टीम खेळत असली की घरातलं जेवणसुद्धा थांबतंय, त्यामुळं फुटबॉलवरचा धागा दिसला की मी आत शिरतोच. एक खरंखुरं विचारतो, रागावू नका. तुम्ही सगळे "राहिला" म्हणताय. आमच्या भाषेत याला "टीम सोडून पळाला" म्हणतील. स्पर्धा चालू असताना टीम सोडून जायचं, हे मला पटत नाही. मागं राहिलेल्या पोरांनी काय करायचं? फॉक्सबरोला क्युबाची टीम एक स्ट्रायकर कमी घेऊन गेली, त्याचं काय?

मैदानवेडा

पेठेतला_गडी, रागवायचं कशाला, हाच प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे.

"राहिला" हा शब्द मी मुद्दाम वापरला. क्युबन लोक बोलताना "से केदो" म्हणतात, म्हणजे शब्दशः "तो राहिला". सरकारी भाषेत पळपुटा आणि गल्लीत "राहिला". त्या एका शब्दात लोकांची सगळी बाजू आली असं मला वाटतं.

पण तुमचा मुद्दा खोटा नाही. सर्वांत वाईट उदाहरण २००८ चं. मार्चमध्ये फ्लोरिडात टॅम्पाला ऑलिंपिक पात्रता स्पर्धा होती. २३ वर्षांखालच्या क्युबन संघाने अमेरिकेला १-१ असं रोखलं आणि त्यानंतर सात खेळाडू निघून गेले. पुढचा सामना होंडुरासशी. क्युबाकडे अकरा जणसुद्धा नव्हते. दहा जण मैदानात उतरले, बदली खेळाडूंचा बाक रिकामा. ०-२ असे हरले. त्या दहा पोरांबद्दल कुणी लिहीत नाही. ते नव्वद मिनिटं धावले, हे मी विसरू शकत नाही.

तरीही मी गालिंदोला दोष देऊ शकत नाही. त्याला रीतसर परवानगी मागून जायची सोय असती तर त्याने मागितली नसती का? अशी सोयच नव्हती. क्युबाने खेळाडूंना परदेशी करार करायला मुभा दिली ती २०१३ ला. फुटबॉलमध्ये २०१६ च्या सुरुवातीला मायकेल रेयेस आणि आबेल मार्तिनेस हे दोघे संघटनेच्या संमतीने मेक्सिकोच्या क्रूस आसुल क्लबकडे गेले. योगायोग बघा, तोही मायकेल आणि तोही स्ट्रायकर. गालिंदो राहिला त्यानंतर अकरा वर्षांनी.

निळी_छत्री

मी डॅलसला असते. व्हिसाच्या बाजूबद्दल थोडं लिहिते, कारण इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हा विषय रोजचा आहे.

१९६६ च्या क्युबन अ‍ॅडजस्टमेंट कायद्यानुसार अमेरिकेत आलेला क्युबन माणूस एक वर्ष आणि एक दिवसानंतर ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकत होता. शिवाय १९९५ पासून जानेवारी २०१७ पर्यंत "ओले पाय, कोरडे पाय" असं धोरण होतं: समुद्रात सापडलात तर परत, जमिनीला पाय लागला तर राहू देणार. सिअ‍ॅटलच्या हॉटेलात उतरलेल्या खेळाडूचे पाय कोरडेच होते. आमच्यापैकी कित्येकजण एच-वन व्हिसावर दहा-पंधरा वर्षं त्याच कार्डाच्या रांगेत आहेत, त्यामुळे सुरुवातीला हे वाचून मला हेवा वाटला होता, हे मी कबूल करते.

मग दुसरी बाजू कळली. सरकारी दौऱ्यावर असताना देश सोडलेल्याला क्युबात परत पाऊल ठेवायला साधारण आठ वर्षं मनाई असायची. आम्ही रांगेत आहोत, पण आई आजारी पडली तर विमानाचं तिकीट काढून पुण्याला जाऊ शकतो. कागदांची अडचण होते, जीव टांगणीला लागतो, पण जाता येतं. माझे वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी घरी पोचले होते. २४ वर्षांच्या मुलाने आठ वर्षांचा हिशेब कसा मांडला असेल, हे मला खरंच सांगता येत नाही.

पेठेतला_गडी

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझा "पळाला" शब्द मी मागं घेतो. त्या दहा पोरांचं दुःख तेवढंच राहील, पण शब्द मागं घेतो.

फिजिओताई

२००७ नंतर त्याचं काय झालं ते कुणीच लिहिलं नाही.

मैदानवेडा

हो, तिथे माझाच हात थांबला होता. २००७ चा मोसम संपता संपता दुखापतींनी त्याला गाठलं. २००८ मधला बराच काळ तो बाहेर होता आणि परत आल्यावर तो पूर्वीचा वेग दिसला नाही. चिवाससाठी पुन्हा तसा मोसम झाला नाही. २०११ ला तो एफसी डॅलसकडे गेला, थोडे सामने खेळला. मोठ्या लीगमधली कारकीर्द तिथेच आटोपली. तेव्हा तो तिशीचा होता. चिवास यूएसए हा संघसुद्धा २०१४ नंतर उरला नाही, त्यामुळे त्या १२ गोलांची आठवण जपणारं घरही राहिलं नाही.

फिजिओताई

धन्यवाद. त्याच्या दुखापतीचं निदान मी इथून करणार नाही, ते चूक ठरेल. पण माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंवरून एक सांगते.

पहिल्या चार पावलांवर जगणारा खेळाडू आणि डोक्याने जागा शोधणारा खेळाडू, यांना दुखापत वेगवेगळी छळते. उभ्या जागेवरून सुटताना सगळा जोर जांघेच्या, मांडीच्या मागच्या आणि पोटाच्या खालच्या स्नायूंवर येतो. तिथे एकदा इजा झाली की जखम भरते, ताकदही मोजून पाहिली तर परत येते, पण शरीर पुन्हा पूर्ण जोर लावायला कचरतं. ते कचरणं सेकंदाच्या अगदी लहानशा भागाचं असतं. राझोवसारख्या खेळाडूला ते खपून जातं. गालिंदोसारख्याचा सगळा खेळच त्या क्षणावर उभा असतो, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तो तंदुरुस्त वाटतो आणि तरी गोल होत नाहीत.

अजून एक गोष्ट. लहानपणापासून कसल्या मैदानांवर खेळलात, बूट कसले होते, खाणं काय होतं, दुखलं तर विश्रांती मिळाली का, हे सगळं पंचविशीनंतर बाहेर येतं. नव्वदच्या दशकात, सोव्हिएत मदत बंद झाल्यावर, क्युबात अन्नाची भयंकर टंचाई होती. गालिंदो तेव्हा नेमका वाढीच्या वयातला होता. माझ्यासमोर असा पेशंट आला असता तर मी आधी हे विचारलं असतं.

पावसाळी_सिअ‍ॅटल

फिजिओताई, हे मी कुठेच वाचलं नव्हतं. त्याला मैदानात पाहूनसुद्धा कधी सुचलं नाही.

अलोन्सोबद्दल थोडं, कारण तो आमच्या गावचा. २००९ ला साऊंडर्स एमएलएसमध्ये आले आणि अलोन्सो पहिल्या दिवसापासून संघात होता. पुढे कर्णधार झाला, चार ओपन कप आणि २०१६ चा एमएलएस कप त्याने सिअ‍ॅटलसोबत जिंकला. अमेरिकन नागरिकही झाला. तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून त्याला खेळता आलं नाही, कारण तो आधी क्युबाकडून अधिकृत सामने खेळला होता आणि फिफाचा नियम आडवा आला. क्युबा बोलवत नाही, अमेरिका बोलवू शकत नाही. कारकीर्दीची सर्वांत चांगली वर्षं राष्ट्रगीताशिवाय. गालिंदोचं तेच झालं. मला वाटतं आकडेमोड यांच्या निकषात हे बसवायला हवं: जे सामने त्याला खेळूच दिले नाहीत, त्यांतले गोल कुठे लिहायचे?

आकडेमोड

विचार केला. न झालेले गोल लिहिता येत नाहीत, ही माझी भूमिका कायम आहे. मोरेचे २९ हे २९ आहेत. पण एक मान्य करतो. खुद्द मोरेचा आकडासुद्धा २००७ लाच थांबलेला आहे. म्हणजे क्युबाचा हा विक्रमही पुरता फुललेला नाही, मधेच खुडलेला आहे. दोघांनाही एकाच यादीत शेजारी ठेवायला आता माझी हरकत नाही. क्रम मात्र मी बदलणार नाही.

गालिंदो, मोरे, अलोन्सो आणि टॅम्पाचे सात जण एका वेळी उपलब्ध असते तर २०१० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत क्युबा काय करू शकला असता, हा प्रश्न मला आता झोपू देणार नाही. सप्टेंबर २००८ मध्ये हवानात अमेरिकेविरुद्ध ते फक्त ०-१ असे हरले होते, तेही या सगळ्यांशिवाय.

पेठेतला_गडी

एक विचारू? क्युबा कधी विश्वचषकात खेळलाय का?

मैदानवेडा

एकदाच, १९३८ ला फ्रान्समध्ये. तूलूझला रुमानियाशी ३-३, चार दिवसांनी फेरसामना झाला तो २-१ ने जिंकला. मग उपान्त्यपूर्व फेरीत स्वीडनकडून ०-८. त्या संघाचा स्ट्रायकर एक्तोर सोकोर्रो. रुमानियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले. त्याच्यावर स्वतंत्र धागा काढतो, इथे त्याला दोन ओळींत उरकायचं नाही.

निळी_छत्री

आता तरी बाहेर खेळणाऱ्यांना क्युबा बोलवतो का?

मैदानवेडा

काहींना. सरसकट नाही. २०२१ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा परदेशी क्लबांकडून खेळणारे, पण देश रीतसर सोडलेले काही खेळाडू विश्वचषक पात्रतेसाठी बोलावले. त्यांत ओनेल एर्नांदेस होता. मोरोन गावात जन्मलेला, लहानपणीच आईसोबत जर्मनीला गेलेला आणि नॉर्विचकडून इंग्लिश प्रीमियर लीग खेळलेला पहिला क्युबन. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोलही केला.

२४ मार्चला ग्वातेमालात सामना झाला, क्युबा ०-१ असा हरला. मी पहाटे उठून निकाल पाहिला होता. गालिंदो तेव्हा चाळीस वर्षांचा होता.

पावसाळी_सिअ‍ॅटल

सोकोर्रोचा धागा नक्की काढा. आणि त्या दहा जणांच्या टॅम्पाच्या सामन्यावरही लिहा, मैदानवेडा. पेठेतला_गडी यांच्यासाठी तरी.

पेठेतला_गडी

लिहा हो. मी वाट बघतोय.